खोटे डोळे, खरी धडकी

पाऊस सुरू झाला की दापोडीत कण्हेरीची पानं कुरतडलेली दिसायला लागतात. सोसायटीचं कुंपण, देवळाचं आवार, रस्त्याचा दुभाजक, कण्हेर सगळीकडे आहे. लावायला सोपी, पाणी कमी मागते आणि चिकात विष असल्यामुळे गाई-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. मग पानं खातं कोण? फांदी हळूच बाजूला करून बघा. बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी दिसेल. तिला गवताच्या काडीने जरासं डिवचलं तर ती पळत नाही. डोकं आत ओढून घेते, मान फुगवते आणि त्या फुगीर भागावर एकदम दोन मोठे निळे-पांढरे डोळे उघडतात. काळ्या कडेचे, थेट तुमच्याकडे बघणारे.

यानंतर साधारण दोनच गोष्टी होतात. बघणारा मागे सरकतो, नाहीतर चप्पल काढतो. सापाचं पिल्लू आहे, चावली तर ताप येतो, अंगावर फोड उठतात, असं बरंच काही आपण ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात ही ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी. तिला डंख नाही, खाजरे केस नाहीत, शेपटीकडचं शिंगासारखं टोक टोचतसुद्धा नाही. आणि ते डोळे? कातडीवरचे ठिपके! तिचे खरे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा, टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक. आपण ज्या डोळ्यांना घाबरतो, त्यांना काहीच दिसत नाही.

मजा म्हणजे हीच अळी मोठी होऊन पतंग झाली की खेळ बदलते. हिरव्या रंगाच्या चार-पाच छटांचे पट्टे अंगावर घेऊन ती पानात गायब होते. लष्कराच्या गणवेशासारखं दिसणारं हे नक्षीकाम बघून इंग्रजीत त्याला चक्क 'आर्मी ग्रीन मॉथ' असंही म्हणतात. सीएमईच्या भिंतीलगत राहणाऱ्या दापोडीकरांना हे नाव पटायला हरकत नाही.

लपायचं की घाबरवायचं, हे दोन्ही धंदे कीटकांच्या जगात जोरात चालतात. आज बोलायचं आहे ते दुसऱ्याबद्दल. अंगात दम नसताना दम असल्याचा आव आणण्याबद्दल. जीवशास्त्रात याला मिमिक्री म्हणतात, मराठीत अनुकृती. आपण सरळ नक्कल म्हणू.

बुलबुलाचं गणित

अळीचा हा अवतार आपल्यासाठी नाहीच, तो पक्ष्यांसाठी आहे. एखादा बुलबुल पानापानांत डोकं खुपसून अळ्या शोधतोय. समोर अचानक दोन डोळे येतात. तिथे थांबून नीट निरीक्षण करायला त्याला वेळ नसतो. समजा ती अळीच होती आणि तो उडून गेला, तर एक घास गेला. पण समजा तो खरंच साप होता आणि तो थांबला, तर जीव गेला. रिचर्ड डॉकिन्स आणि जॉन क्रेब्स या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या हिशोबाला 'जीव विरुद्ध जेवण' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. ससा जिवासाठी पळतो, कोल्हा जेवणासाठी. दोघांच्या चुकीची किंमत सारखी नाही. इथे तर बुलबुलालाच दोन्ही बाजू तोलायच्या आहेत, आणि तोलायला मिळतो फक्त एक क्षण. म्हणूनच नक्कल हुबेहूब असायची गरज नसते. त्या एका क्षणात दचकवण्याइतकी जमली की पुरे.

आता इथे आपण सगळेच एक चुकीचं वाक्य सर्रास बोलतो. 'अळीने सापाचं रूप घेतलं.' घेतलं कसलं? अळीने साप पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तरी त्या डोळ्यांनी तिला काय कळणार! फार फार पूर्वी तिच्या पूर्वजांपैकी काहींच्या अंगावर जरासे गडद डाग होते, काहींच्या नव्हते. डागवाल्यांपुढे पक्षी किंचित जास्त थबकले असतील. त्यातून त्या थोड्या जास्त संख्येने वाचल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांनी अंडी घातली आणि डाग पुढच्या पिढीत गेले. पुढे ज्यांचे डाग जास्त गोल, ज्यांची कड जास्त काळी, त्या वाचल्या. लाखो पिढ्या हेच चाललं. चित्र काढणारा कोणीच नव्हता. न आवडलेली चित्रं खाऊन टाकणारे मात्र भरपूर होते. एका अर्थाने अळीच्या पाठीवरचा तो डोळा पक्ष्यांनीच काढलाय, चोचीने.

बरं, ही नुसती गोष्ट नाही, हे तपासूनही झालंय. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये पंखांवर मोठे डोळे असलेली पीकॉक फुलपाखरं घेतली. काहींचे डोळे रंगाने बुजवले, काहींचे तसेच ठेवले आणि त्यांना ब्लू टिट या छोट्या पक्ष्यांसमोर सोडलं. डोळे शाबूत असलेल्या ३४ पैकी फक्त १ फुलपाखरू मारलं गेलं. डोळे बुजवलेल्या २० पैकी १३.

पण पक्ष्याला तो खरंच 'डोळा' वाटतो का? यावर चांगलीच जुंपलेली आहे. केंब्रिजच्या मार्टिन स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कागदाचे खोटे पतंग करून झाडांना लावले. कुणावर गोल ठिपके, कुणावर चौकोन, कुणावर पट्ट्या. पक्ष्यांनी गोल-चौकोन असा भेद केलाच नाही, खुणा मोठ्या आणि ठळक असल्या की ते टाळत होते. म्हणजे डोळा-बिळा काही नाही, भडकपणाच कामाला येतो. मग २०१५ मध्ये फिनलंडमधल्या गटाने पक्ष्यांना पडद्यावर घुबडाचा चेहरा आणि आऊल बटरफ्लायचे पंख दाखवले. पक्षी खऱ्या घुबडाच्या डोळ्यांना जितके दचकले तितकेच त्या पंखावरच्या डोळ्यांना. तेच ठिपके तितकेच ठळक ठेवून डोळ्यासारखे दिसू दिले नाहीत, तर परिणाम कमी झाला. मला विचाराल तर दोन्ही गट बरोबर असू शकतात. झाडावर लांबून दिसणारा कागद आणि नाकासमोर अचानक उघडलेला पंख, हे दोन वेगळे प्रसंग आहेत.

ही भीती शिकावी लागते की जन्मतःच असते, हा आणखी एक प्रश्न. सुझन स्मिथ यांनी १९७० च्या दशकात मध्य अमेरिकेतले मॉटमॉट पक्षी हाताने वाढवले. या पिल्लांनी आयुष्यात साप पाहिला नव्हता. तरीही लाल-पिवळी वलयं रंगवलेल्या लाकडी काडीजवळ ती गेली नाहीत. तिथल्या विषारी कोरल सापाचा रंग तोच. हिरव्या-निळ्या वलयांच्या काडीला मात्र त्यांनी बिनधास्त चोच मारली.

'प्रेस'चं स्टिकर

नकलेचा हा सगळा अभ्यास सुरू झाला तो आपल्याच वयाच्या एका मुलापासून. हेन्री वॉल्टर बेट्स. इंग्लंडमधल्या लेस्टरचा, मोजे विणणाऱ्या धंद्यातल्या कुटुंबातला. शाळा लवकर सुटलेली. वयाच्या २३ व्या वर्षी, १८४८ मध्ये, तो मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेसबरोबर अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेला आणि ११ वर्षं तिथेच राहिला. त्याच्या लक्षात आलं की काही भडक रंगाची फुलपाखरं अगदी संथ उडतात, तरी पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, कारण ती बेचव किंवा विषारी असतात. आणि त्यांच्यात मिसळून, अगदी तसेच रंग घेऊन उडणारी काही फुलपाखरं भलत्याच कुळातली असतात, खायला चांगली! १८६२ मध्ये त्याने हे छापलं. निरुपद्रवी प्राण्याने धोकादायक प्राण्याची नक्कल करण्याला आजही बेट्सच्याच नावाने ओळखतात.

हे समजायला अ‍ॅमेझॉनला जायची गरज नाही. हॅरिस पुलावर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा आणि जाणाऱ्या बाइक बघा. किती जणांवर 'प्रेस' लिहिलंय? किती जणांवर 'आर्मी', 'पोलीस'? आता मी स्वतः पत्रकारितेची विद्यार्थिनी असल्यामुळे मला चांगलं माहीत आहे, की पुण्या-पिंपरीत इतके पत्रकार नाहीत. स्टिकर चालतं, कारण कुठेतरी खरा पत्रकार, खरा जवान असतो आणि त्याला अडवलं तर वाहतूक पोलिसाच्या डोक्याला ताप होऊ शकतो. पण दर दुसऱ्या गाडीवर 'प्रेस' दिसायला लागलं की पोलीस काय करणार? सगळ्यांनाच बाजूला घेणार, खऱ्यालासुद्धा.

बेट्सच्या नकलेचा नियम नेमका हाच आहे. नकली माल थोडा आणि असली माल भरपूर, तरच धंदा चालतो. पक्ष्याने चार-पाचदा चव घेतली आणि प्रत्येक वेळी चविष्ट जेवण मिळालं, तर तो रंग म्हणजे धोक्याचा इशारा न राहता हॉटेलची पाटी होईल. आणि असली मालच संपला तर? अमेरिकेत डेव्हिड फेनिग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सापांवर हे करून दाखवलं. कोरल सापाची नक्कल करणाऱ्या बिनविषारी सापाच्या मातीच्या प्रतिकृती त्यांनी जंगलात ठेवल्या. जिथे खरे कोरल साप राहतात तिथे त्यांच्यावर कमी हल्ले झाले. जिथे खरे सापच नाहीत, तिथे ते रंग कुणी मोजलेच नाहीत.

रुळांच्या कडेची रुई

याचं आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण रुईवर बसलेलं असतं. हो, शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच रुई. रेल्वेचे रूळ, पडीक प्लॉट, नदीकाठ, जिथे कुणी काही लावत नाही तिथे ती आपोआप उगवते. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराच्या अळ्या रुई खाऊन वाढतात आणि त्यातलं विष पचवून अंगात साठवू शकतात. या फुलपाखराचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे मोनार्क. लिंकन ब्राउअर यांनी १९६० च्या दशकात ब्लू जे या पक्ष्याला मोनार्क खायला दिलं, तर पक्षी काही वेळात ओकायला लागला. नंतर त्याने मोनार्कचं नाव काढलं नाही. प्लेन टायगर इतकं निवांत का उडतं, याचं उत्तर इथे आहे. पळायची गरजच नाही.

आता त्याच केशरी रंगात, त्याच काळ्या-पांढऱ्या टोकांचे पंख घेऊन आणखी एक फुलपाखरू फिरतं. डॅनाइड एगफ्लायची मादी. तिची अळी रुई खातच नाही. ती घोळ खाते, आपण भाजी करतो ती घोळ. अंगात विषाचा थेंब नाही. गंमत म्हणजे याच जातीचा नर काळाकुट्ट असतो, पंखांवर पांढरे गोल ठिपके. दोघं शेजारी बसले तर नवरा-बायको आहेत असं कुणी म्हणणार नाही. फक्त मादीच का नटली? एक कारण असं सांगतात, की तिच्या पोटात अंड्यांचं ओझं असतं, झाडं शोधत तिला हळूहळू उडावं लागतं, त्यामुळे धोका तिलाच जास्त. दुसरं म्हणजे नराने रंग बदलला तर माद्या त्याला ओळखणार कशा?

आता रुई काढून टाकली तर काय होईल याचा विचार करा. पवना आणि मुळा दापोडीजवळ एकमेकींना भेटतात. या काठांवरची झुडपं म्हणजे आपल्याला रान माजल्यासारखी वाटतात, आणि 'सुशोभीकरण' म्हटलं की आधी तीच जातात. त्या जागी लॉन येतं, पेव्हिंग ब्लॉक येतात, विदेशी पाम येतात. रुई गेली की प्लेन टायगर जातं हे सरळ आहे. पण ते गेल्यावर घोळ खाऊन वाढलेली ती नक्कल करणारी मादीही उघडी पडते. घोळ तशीच असूनही. असली चलन बाद झालं, की नकली नोटेलाही कुणी विचारत नाही. नदीकाठाचे आराखडे करताना झाडं मोजतात. झुडपं मोजली जात असतील असं मला तरी वाटत नाही.

अर्थात नदीची आत्ताची अवस्था काही कीटकांच्या पथ्यावर पडते, हेही सांगायला हवं. मधमाशीसारखी तपकिरी-पिवळी, फुलावर हवेत स्थिर तरंगणारी माशी तुम्ही पाहिली असेल. होव्हरफ्लाय. बघून आपण हात मागे घेतो, पण तिला नांगी नाही. मधमाशीला चार पंख असतात, हिला दोन, आणि डोळे घरमाशीसारखे डोकंभर. या कुळातल्या काही जातींच्या अळ्या सांडपाण्यात, घाण साचलेल्या डबक्यात वाढतात. त्या पाण्यात प्राणवायू नसतो, म्हणून मागच्या टोकाला उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी असते, ती पाण्याबाहेर काढून श्वास घेतात. नाल्यात बालपण आणि फुलांवर तारुण्य, तेही मधमाशीच्या गणवेशात! नाट्यमय आयुष्य म्हणतात ते हे.

एका जनुकाची करामत

नक्कल एवढी गुंतागुंतीची, तर तिच्यासाठी शेकडो जनुकं लागत असतील ना? याचं उत्तर शोधण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. कृष्णमेघ कुंटे. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल, तेच. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये ते फुलपाखरांवर संशोधन करतात.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेलं फुलपाखरू आहे कॉमन मॉरमॉन. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनचं हे जवळचं नातलग. याचा नर काळा, मागच्या पंखावर पांढरा पट्टा. मादी मात्र वेगवेगळ्या रूपांत येते. एक नरासारखीच. एक कॉमन रोझची नक्कल. एक क्रिमझन रोझची, लाल ठिपक्यांसकट. ही दोन्ही रोझ फुलपाखरं ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीच्या विषामुळे पक्ष्यांना नकोशी असतात. एकाच आईच्या पोटी ही वेगवेगळी रूपं जन्मू शकतात. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाने दाखवून दिलं, की या सगळ्यामागे एकच जनुक आहे: डबलसेक्स. कीटकांमध्ये नर-मादी घडवण्याचं काम करणारं हे जुनंच जनुक. त्याच्याच वेगवेगळ्या आवृत्त्या मादीच्या पंखाचा रंग, पट्टा, ठिपके सगळं एका फटक्यात ठरवतात. निसर्गाने नवं यंत्र बनवलं नाही, घरातलंच जुनं वापरलं. एसटीच्या दापोडी वर्कशॉपच्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

जाता जाता एक टोला आमच्याच बिरादरीला. दर पावसाळ्यात कोकणातून, सह्याद्रीतून अ‍ॅटलास पतंगाचे फोटो येतात. वीतभराहून मोठे पंख, आणि पंखाची टोकं नागाच्या तोंडासारखी. बातमीत 'सर्पमुखी', 'दुर्मिळ', 'थरार' असे शब्द पडलेच पाहिजेत. बिचाऱ्या त्या पतंगाला तोंड असून नसल्यासारखं, तो काही खाऊसुद्धा शकत नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे काढतो आणि मरतो. तसंच ते एपफ्लाय फुलपाखराच्या कोषाचं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांत सापडणारा हा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो आणि त्यावर रील्स बनतात. पण तो जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा. आपल्याला माकड दिसलं म्हणून चिमणीलाही माकडच दिसत असेल, असं नाही.

घोणस नावाची अळी

भीतीचं गणित पक्ष्यांचं काय आणि आपलं काय, सारखंच. २०२२ च्या सप्टेंबरात राज्यभर 'घोणस अळी'ची दहशत पसरली होती, आठवतं? बीड जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांना शेतात अळीचा दंश झाला, दवाखान्यात जावं लागलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरला, की अळी चावली की पाच मिनिटांत मृत्यू. सोबत शेतात पडलेल्या मृतदेहांचा फोटो. तो फोटो निघाला जळगाव जिल्ह्यात वीज पडून झालेल्या मृत्यूंचा. अळी खरी होती, स्लग कॅटरपिलर. तिच्या काट्यांनी खूप आग होते, सूज येते, अ‍ॅलर्जी असलेल्याला जास्त त्रास होतो. पण ती जीवघेणी नाही, हे कृषी शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

ही अळी नक्कल करत नव्हती. तिच्याकडे खरे काटे आहेत. पण तिच्या नावाने त्या मोसमात किती भलत्याच अळ्या चिरडल्या गेल्या असतील! ज्या सोंगामुळे कण्हेरीवरची अळी बुलबुलापासून वाचते, तेच सोंग माणसासमोर तिच्या जिवावर उठतं. बुलबुल घाबरला की उडून जातो. आपण घाबरलो की स्प्रे आणतो. कोषात जाण्याआधी ही अळी तपकिरी होते आणि झाडावरून उतरून जमिनीवर जागा शोधत फिरते. फुटपाथवर, पार्किंगमध्ये लोकांना ती भेटते ती नेमकी याच वेळी, पतंग व्हायला थोडेच दिवस उरलेले असताना.

ओळखायची कशी? मागच्या टोकाला एकच शिंग आणि अंग गुळगुळीत असेल तर हॉकमॉथची, बिनधास्त राहा. अंगभर काटे किंवा केसांचे झुपके असतील तर हात लावू नका, फोटो काढा. आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर टाकला तर बऱ्याचदा कुणीतरी नाव सांगतं.

आणि सुरुवात कुठून करायची असेल, तर घरातल्या कढीपत्त्याच्या कुंडीपासून करा. पानांवर पांढरट-तपकिरी, ओली दिसणारी पक्ष्याची शीट पडलीये असं वाटलं तर पुसू नका. ती कॉमन मॉरमॉनची किंवा लाइम बटरफ्लायची पिल्लू अळी असू शकते. शीट कोण खाणार, म्हणून ती तशी दिसते. काही दिवसांत वाढून ती शीटएवढी राहत नाही, मग ते सोंग चालत नाही. कात टाकते आणि हिरवी होते, खांद्यावर डोळ्यासारखी नक्षी घेऊन. त्या वेळी तिला काडीने हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून दुभंगलेल्या जिभेसारखं एक लालसर-केशरी शिंग झटकन बाहेर येईल आणि आत जाईल. काडी नाकाजवळ नेऊन बघा. आंबूस, कुजकट वास येतो.